मासळीच्या बर्फावरची डबी

गाडीचा शेवटचा थांबा आपला असला की एक बरं असतं, डुलकी लागली तरी गाव निघून जाण्याची भीती नाही. आमच्या कराडहून थेट गोंदियाला गाडी जाते. एका संध्याकाळी बसायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी, महाराष्ट्र संपत आला की उतरायचं.

तिकडे लोक जातात ते नागझिऱ्याचा वाघ बघायला. मला शेजारच्या सुनेनं विचारलं, "अक्का, तुम्ही कशाला चाललाय?"

म्हटलं, "विमलच्या किडनीसाठी."

तिनं डोळे मोठे केले. "द्यायला?"

"अगं नाही बाई. सोबतीला."

विमल कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. नोकरीच्या निमित्तानं वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. निवृत्त झाल्यावर दोघं त्यांच्या मूळ गावी, नवेगाव बांधला गेली. मी त्यांना भाऊजी म्हणते. कोहळी घराणं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. सरकारी नोकरीतही हा माणूस पाणीच मोजत बसला, आणि आता घरी बसून गावाच्या तलावाचं मोजतो.

तर विमलला पावसाळ्यापासून तीनदा थंडी वाजून ताप आला. कंबरेत कळ, लघवीला जळजळ. तिसऱ्या खेपेला गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीची एक वेगळीच तपासणी करायला लावली आणि सांगितलं की जंतू मूत्राशयात थांबले नाहीत, वर किडनीपर्यंत चढलेत. चौदा दिवसांचं औषध दिलं. औषध संपल्यावर पुन्हा तीच तपासणी. आकडा उतरला तर घरी, नाही उतरला तर नागपूरला भरती व्हायचं. विमलची थोरली बहीण असेच ताप अंगावर काढत काढत डायलिसिसवर गेली आणि दोन वर्षांत संपली. हे विमलनं मला फोनवर सांगितलं नाही. फोनवर ती पाऊण तास लाखोळीच्या डाळीवर बोलली. विमल घाबरली की डाळीवर बोलते. मी फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

आता एक कबुलीही देऊन टाकते. त्या चोवीस तासांच्या प्रवासात मी पाणी प्यायले ते चार घोट. डब्यातल्या संडासाची कडी तुटलेली होती, कोण जाणार सारखं! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नवेगाव बांध

भाऊजी मला न्यायला गोंदियाला आले होते. ती रात्र त्यांच्या पुतण्याकडे, गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला काढली, आणि सकाळच्या एसटीनं नवेगावला निघालो. धान कापून झालेला. आमच्याकडे उसाच्या भिंती असतात, रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर जाईल तिथवर सपाट बांध्या, म्हणजे धानाची वाफेवजा शेतं, आणि मधे मधे पाण्याचे आरसे. एका बांधीत दोन सारस उभे होते. माणसाएवढे उंच, लाल डोक्याचे. जोडीनं चालले होते, पण एकमेकांकडे न बघता. भाऊजी म्हणाले, "अक्का, पन्नास वर्षं संसार झालेले दिसतात."

विमल दारातच उभी होती. वाळली होती, पण आवाज तोच. "आलीस का वो! इतकी बारीक काऊन झालीस?"

"मी बारीक? आरशात बघ की आधी."

"आरशात पाहाले वेळ कोनाले हाय? बस. भात वाढून रायली मी."

भात म्हणजे काय ते मला तिथे कळलं. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि मधे कोणी आलंच तर तांदळाचं काहीतरी. मी बॅगेतून माझ्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि खर्डा काढला तेव्हा भाऊजींनी असा हात पुढे केला जसा काही प्रसाद आहे. लाखोळीची डाळ मात्र विमलनं बोलल्याइतकीच चांगली होती. आणि उकडलेले शिंगाडे! तलावातले, काळे, दोन शिंगांचे. पहिला मी सालीसकट चावला आणि ओठाला खुपला. विमल इतकी हसली की तिला खोकला लागला.

संध्याकाळी भाऊजींनी मला तलावाच्या पाळीवर नेलं. पाळ म्हणजे बांध, पण नुसता बांध म्हटलं की त्यांना राग येतो. तीन बाजूंनी डोंगर आणि जंगल, मधे एवढं पाणी की पलीकडची झाडं निळी दिसतात. लांबून आलेली बदकं पाण्यावर काळे ठिपके टाकल्यासारखी बसली होती. मी बदकं बघत होते. भाऊजी मात्र पाळीच्या पायथ्याशी वाकून गवत बाजूला करत होते. तिथून पाणी बारीक झिरपत होतं.

"गळतंय?" मी घाबरले.

"झिरपा आहे. मातीची पाळ म्हटली की झिरपणारच." त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उजेडाकडे धरलं. "हे बघा, नितळ आहे. नितळ आहे तोवर काळजी नाही. ज्या दिवशी झिरपा गढूळ आला, त्या दिवशी समजायचं की पाळ आतून खायला लागली. वरून बघाल तर सगळं ठीक, गवत हिरवं, पाणी भरलेलं. पण आतली माती पाण्याबरोबर बाहेर येतेय."

ओंजळ सोडून देऊन ते म्हणाले, "विमलचा पहिला रिपोर्ट गढूळ होता, अक्का."



गोंदिया

दोन दिवसांनी औषधाचा कोर्स संपला. विमलला घेऊन मी गोंदियाला गेले. गाव मराठी मुलखात असलं तरी बाजाराची भाषा हिंदी. तांदळाच्या गिरण्या, ट्रक, आणि हवेत कोंड्याचा वास. दवाखान्याखालीच लॅब होती. तिथे पौर्णिमा नावाची चुणचुणीत मुलगी होती, कुडव्याहून स्कुटीवर यायची.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. मी सातवी शिकलेली, पण विचारायची मला लाज नाही. म्हटलं, "ही कसली तपासणी आहे ते मला नीट सांगा, मी कराडला जाऊन चारजणींना सांगणार आहे."

त्या हसल्या. "देखिये माई, किडनीत बारीक बारीक नळ्या असतात. लाखो. त्या नळ्यांच्या पेशींच्या आत एन्झाइम असतात, आपापलं काम करणारे. पेशी धड आहे तोपर्यंत ते बहुतेक आतच राहतात. जंतूंनी पेशी दुखावली की ते लघवीत सांडतात. नुसती खालची जळजळ असेल तर ते सहसा वाढत नाहीत. वर किडनीला लागलं की वाढतात."

"मग रक्ताच्या तपासणीत नाही कळत?"

"कळतं, पण उशिरा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. हे आधी सांगतात."

मी टेबलावर थाप मारली. "म्हणजे गढूळ झिरपा!"

त्यांना पाळीची गोष्ट सांगितली तर त्यांनी ती कागदावर लिहून घेतली.

मग पौर्णिमानं डबी दिली आणि विमलला आतल्या खोलीत पाठवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. पंचवीस मिनिटांनी विमल कोरडी डबी घेऊन बाहेर. "नाई होत. परक्या घरी मले होतच नाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शेतात जाता तेव्हा?"

"दाबून ठेवतो. घरी आलं का जातो."

"रोवणीच्या दिवसांत?"

"तेव्हा बी. धान लावाचं ते सारं उघडं रान, मान्सं असतात चहूकडं. म्हनून सकाळपासून पानीच पेत नाई मी."

"लग्नाला, बाजाराला?"

"नाईच पेत. कायले पेता, मंग जा-जा लागते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि माई, तुम्ही कराडहून येताना किती पाणी प्यालात?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"दोघी बसा इथे," त्या म्हणाल्या, आणि मग जो दम दिला तो मी सगळा लिहीत नाही. मथितार्थ असा, की पाणी न पिणं आणि तासन् तास दाबून ठेवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका हेच करतात आणि यात काही चूक आहे हे एकीलाही माहीत नसतं. शेवटी डबी आमच्या हातात दिली. सकाळची पहिली लघवी घरून आणा, पण थंड ठेवून, आणि लवकर.

त्या दोन डब्या

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलनं डबी भरून दिली आणि भाऊजी एकटेच एसटीनं गेले. आम्ही अंगणात पोपटाच्या, म्हणजे आपल्या वालाच्या शेंगा सोलत बसलो. साडेदहाला पौर्णिमाचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"आंटी, ये पिशाब है कि पानी?"

विमलच्या हातातली शेंग थांबली.

"असं का गं?" मी विचारलं.

"अहो, लघवी कधी पातळ असते, कधी घट्ट असते. म्हणून एन्झाइम आम्ही क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजतो. ह्या डबीत क्रिएटिनिन नावालाच आहे! आणि गरम केवढी! अंकलनी स्वेटरच्या आत, छातीशी धरून आणली. मैंने पूछा तो बोले, लोक पाहतील ना!"

मी फोन ठेवला आणि विमलकडे वळले.

"पाव डबी झाली होती वो," ती म्हणाली. "म्हनून माठातलं टाकलं."

"काय टाकलंस?"

"पानी. काठोकाठ केली. आमच्यात अर्धं भांडं कोनाच्या हातात देत नाई, अक्का. दही द्या, तांदूळ द्या, भरून द्या. त्या पोरीनं एवढी चांगली डबी देली, तिच्या हातात पावच ठेवू? काय म्हनेल, कोहळ्याच्या घरची बाई!"

मला हसावं की रडावं कळेना. हसलेच. विमल मात्र हसली नाही. शेंगा बाजूला सारून म्हणाली, "माह्या बहिनीचं बी असंच झालं होतं. टेस चुकली, मंग राहून गेली, मंग कोनी गेलंच नाई." आणि पहिल्यांदाच ती डाळीवर न बोलता रडली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहून नाही जाणार. उद्या आपण दोघी जाऊ. पाव तर पाव."

प्रश्न थंड ठेवण्याचा होता. मी म्हटलं, तुझ्या फ्रीजमधला बर्फ घेऊ आणि निघेपर्यंत डबी तिथेच ठेवू. त्यावर विमलनं मला जे सुनावलं! "माह्या फ्रीजमंधी? देवाच्या दुधाजवळ? तू कराडची होऊन शिकली-सवरली, तुले समजत कसं नाई वो?" बर्फाचा ट्रे तरी दे म्हटलं, तर तोही नाही.

मग भाऊजींनी सुमित्राला हाक मारली. सुमित्रा ढिवरांची, तिचा नवरा तलावात जाळी टाकतो आणि ती मासळी गोंदियाला पाठवते. थर्माकोलचा डबा आणि ठेचलेला बर्फ तिच्याकडे रोज असतोच. सकाळी सहाला ती डबा घेऊन हजर. भाऊजींनी लॅबमधून आणलेली नवी डबी विमलनं दोन पेले पाणी पिऊन, नीट, पाव भरली होती. आम्ही ती तीन पिशव्यांत गुंडाळून बर्फात उभी केली. सुमित्रा म्हणाली, "बर्फ खाली दाबू नका वो, रोहूले दाबतो तसं. आनि डबा वापस करजा, उद्याले मासोळी जाते माही."

आता तो डबा कितीही धुतला तरी वास कुठे जाणार! एसटीत आम्ही शिरलो आणि चार नाकं वर झाली. विमल खिडकीशी, डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला, नजर बाहेर. कोणाला कळू नये म्हणून तिचा जीव चालला होता.

पुढच्या सीटवरची एक जाडजूड बाई वळली. "कोनता मासा हाय वो?"

"मासा नाई," विमल म्हणाली.

"मंग?"

"औषद हाय."

"औषदाले रोहूचा वास?" बाईनं आजूबाजूला बघितलं. "सांगाचं नसन तं नको सांगू. घरच्या तलावाचा हाय ना? एखादा दे की आमाले बी."

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज, "विकाचा नाई तं कायले नेता मांडीवर घेऊन?"

कंडक्टर आला. म्हणाला, मासळीचा डबा सीटवर चालत नाही, मागे ठेवा. विमलनं डबा आणखी घट्ट धरला. तो म्हणाला, "अवो बाई, वास येऊन रायला. द्या इकडं," आणि त्यानं हात पुढे केला.

आणि माझी विमल, जिला परक्या घरच्या संडासात बसता येत नव्हतं, ती भर एसटीत उभी राहिली. "माही लघवी हाय! किडनीच्या टेसची! गोंदियाले चालली! बोल, कोनाले किती पाव तोलून देऊ?"

 मग तो म्हातारा जो हसायला लागला, तो खोकल्यावरच थांबला. कंडक्टरनं हात असा मागे घेतला जसा डब्यात नाग आहे. जाडजूड बाई तोंडाला पदर लावून हलत होती. विमल खाली बसली, लालबुंद झाली, आणि मग तिलाही हसू फुटलं. डबा मांडीवर गदागदा हलायला लागला. मी म्हणते, "अगं हळू, आडवी होईल!" त्यावर पुन्हा सगळी गाडी.

हसणं ओसरल्यावर ती जाडजूड बाई सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवून हळूच म्हणाली, "मले बी जळजळ होते वो. दोन महिने झाले. कोनाले सांगतलं नाई." पलीकडची एक तरुण मुलगी सरकून जवळ आली. विमलनं दोघींना सगळं सांगितलं. नळ्या, पेशी, एन्झाइम, गढूळ झिरपा. थोडं चुकलं, पण मी मधे बोलले नाही.

कोहमाऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबते. सकाळचे दोन पेले काम करत होते. विमलनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "अक्का, धर. मी जाऊन येतो."

"कुठे?"

"कुठं म्हनजे? तिकडं." मागे वळून तिनं त्या दोघींना विचारलं, "चालता का वो?"

त्या तिघी गेल्या. थांब्यावरच्या संडासाला कडी नव्हती. एक आत, दोन दारापुढे पाठ करून उभ्या, पदर पसरून. खिडकीतून मी ते बघत होते. त्या आल्यावर डबा विमलच्या हाती दिला आणि मीही गेले. कंडक्टरनं घंटी मारली नाही. "राहू द्या," तो ड्रायव्हरला म्हणाला, "अजून एक आजी हाय."

निकाल

पौर्णिमानं डबी उजेडात धरली. "अब आया असली माल."

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. दरम्यान सुमित्राच्या डब्याची चिंता, कारण तो लॅबमध्येच राहिला होता. तिनं त्या दोन दिवसांची मासळी दुसऱ्याच्या डब्यात पाठवली आणि आम्हाला मोजून चार शब्द ऐकवले.

दोन दिवसांनी आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवला. विमल कागदाकडे बघेना, ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. त्या म्हणाल्या, "उतर गया. बरंच उतरलं. थोडंसं वर आहे अजून, ते भरून यायला वेळ लागतो. महिन्यानं पुन्हा बघू. नागपूरला जायचं काही काम नाही."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नितळ," एवढंच म्हणाले.

विमल म्हणाली, "बाई, या सालची लाखोळीची डाळ लय चांगली हाय, तुमाले पाठवतो." मी तिचा हात दाबला. या वेळी ती घाबरून बोलत नव्हती.

खाली पौर्णिमानं थर्माकोलचा डबा धुऊन, पुसून ठेवला होता. मी उचलला तर जड. झाकण काढलं तर आत कागद अंथरून पेरू, काठोकाठ. म्हटलं, "हे गं काय?"

"आईनं दिलेत, आमच्या झाडाचे. ती म्हणाली, भांडं रिकामं वापस करते का कोणी?"

ते पेरू आम्ही तिघांपैकी कोणीही खाल्ले नाहीत, हे खरं सांगते. डबा कशाचा होता ते आम्हाला माहीत होतं. मात्र नवेगावला पोचल्यावर डबा भरलेलाच सुमित्राच्या हाती दिला. तिनं तिथल्या तिथे एक उचलून पदराला पुसला आणि कचकन चावला. "मासोळीच्या डब्यातला पेरू गोडच लागते," म्हणाली.

परतताना

निघताना विमलनं मला तांदूळ दिले, शिंगाडे दिले, डाळ दिली, आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. "या दोनी कराड येईपर्यंत खाली झाल्या पाहिजे. भरलेल्या वापस नेल्या तं बोलनार नाई तुह्याशी."

"आणि तू?"

"मी सांगतलं हाय. पुढच्या रोवणीले बांधीच्या धुऱ्यावर, तुमच्या भाषेत बांधावर, चार बांबू आनि ताडपत्री लावाची. माही सोय, बायांची बी. हे मापं घेऊन रायले." भाऊजी खरोखरच टेप घेऊन अंगणात उभे होते.

गाडीत माझ्या समोर नागपूरहून एक नवराबायको बसले. मी एक बाटली वर्ध्याच्या आधीच संपवली. उठले, गेले, आले. पुन्हा उठले. कडी याही डब्यात नीट नव्हती, तेव्हा समोरच्या त्या पोरीलाच म्हटलं, चल गं, जरा दारापुढे उभी राहा. ती आली. चौथ्यांदा मी चपला शोधायला लागले तेव्हा तिच्या नवऱ्यानं काळजीनं विचारलं, "आजी, तब्येत बरी नाही का?"

म्हटलं, "उत्तम आहे बाबा. म्हणून तर उठतेय." आणि त्याच्या बायकोपुढे दुसरी बाटली धरली. "घे, पी. तूही सकाळपासून पाण्याला शिवलेली नाहीस, मी बघतेय."